साहेब जागेवर नाहीत

नवी नोकरी लागून महिना झाला आणि मॅनेजरची अजून धड गाठ पडलेली नाही, असं कुणी सांगितलं की आपल्या लोकांचं उत्तर ठरलेलं असतं. "मजा आहे की तुझी! डोक्यावर कुणी नाही." मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या बेसमेंटमधल्या पॉटलकला, मराठी शाळा सुटायची वाट बघत गाडीत हीटर लावून बसलेलं असताना, हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते कानावर पडलं तरी चिडायला होतं. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. नव्याने आलेल्याला धीर द्यायचा असतो. पण हा धीर खोटा आहे. कॅनडात पहिल्या तीन महिन्यांत ज्याच्या डोक्यावर कुणी नाही, त्याच्या पायाखालीही काही नसतं, आणि हे त्याला सांगायची जबाबदारी तुमची-माझी आहे.

तुम्हाला हे अतिशयोक्त वाटेल. तुम्ही वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आला असाल तर तुमचा पहिला मॅनेजर तुमच्यापासून चार खुर्च्यांवर बसत होता. त्याचं डोकं दिसत होतं. तो रागावला की कळत होतं, खूश झाला तरी कळत होतं. आज नव्याने लागलेल्या माणसाला दिसतो तो पडद्यावरचा एक ठिपका. हिरवा, पिवळा, बहुतेक वेळा लाल.

ओळखीतली एक मुलगी आहे. नाशिकची, पुण्यात नऊ वर्षं नोकरी केलेली. टोरंटोच्या पश्चिमेला एका कंपनीत लागली. (कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही, अशा पुष्कळ आहेत.) पहिल्या दिवशी लॅपटॉप मिळाला, मॅनेजर मिळाला नाही, तो प्रवासात होता. मग सुट्टीवर गेला. मग वर्षअखेरीच्या गडबडीत सापडला. दर मंगळवारी अर्ध्या तासाची भेट ठरलेली होती आणि दर सोमवारी संध्याकाळी ती पुढे ढकलल्याची सूचना येत होती. अकरा आठवड्यांत चार भेटी झाल्या, त्यातली एक सात मिनिटांची. तिने काय केलं? तुमच्या-आमच्या घरात जे शिकवतात तेच. कुणाला त्रास न देता दिसेल ते काम उपसलं. जुन्या फायली वाचून काढल्या, शेजारच्या टीमची कामं अंगावर घेतली, दोन रात्री बसून एक रिपोर्ट नीट लावून दिला. आई-वडिलांना फोनवर सांगितलं, इथे खूप स्वातंत्र्य आहे. बाराव्या आठवड्यात पंधरा मिनिटांची एक मीटिंग लागली. एचआरची बाई आणि मॅनेजर, दोघेही वेळेवर हजर. 'फिट' जमत नाही, असं सांगितलं. कशात जमत नाही ते सांगितलं नाही.

आता हा बारावा आठवडाच का, ते बघा. ओंटारियोच्या एम्प्लॉयमेंट स्टँडर्ड्‌स ॲक्टप्रमाणे सलग तीन महिने भरायच्या आत काढलं तर नोटीस द्यावी लागत नाही, नोटिशीच्या बदल्यात पैसेही नाहीत. तीन महिने भरले की वर्षापर्यंत एका आठवड्याची नोटीस. ब्रिटिश कोलंबिया आणि क्वेबेकमध्येही हा उंबरठा तीन महिन्यांचाच. आल्बर्टात ९० दिवस, मॅनिटोबात ३०. त्यात ईआयचा हिशोब धरा. राहत्या भागातल्या बेकारीच्या दरानुसार ४२० ते ७०० तास भरलेले लागतात. आठवड्याला ४० तास धरले तर बारा आठवड्यांचे होतात ४८०. म्हणजे नोकरी गेली, नोटीस नाही, आणि तुमचा भाग ४८० च्या वरच्या पट्टीत असेल, तर ईआयही नाही. भाडं मात्र एक तारखेलाच द्यायचं असतं.

कंपनीचं या तीन महिन्यांतलं धोरण मी वाईट म्हणणार नाही. माणूस पारखून घ्यायचा हक्क मालकाला हवा. पण पारखायचं तर बघायला नको का? परीक्षकाने वर्गात न येता निकाल लावावा आणि विद्यार्थ्याने "सर आले नाहीत, मजा आली" म्हणत घरी जावं, असं हे चाललं आहे. कामात वाईट ठरलेल्याला निदान कशात वाईट ते कळतं. न बघता काढलेल्याला पुढच्या मुलाखतीत सांगायला एक वाक्यसुद्धा उरत नाही.

आणि हे नुसतं माझं मत नाही. २०१७ साली ब्रिटिश कोलंबियाच्या सुप्रीम कोर्टाने इंटिरियर हेल्थ अथॉरिटी या सरकारी आरोग्य संस्थेविरुद्ध एक निकाल दिला. तिथे मॅनेजर म्हणून लागलेल्या एका माणसाला सहा महिन्यांचं प्रोबेशन होतं. साधारण दोन महिन्यांत त्याला काढलं. मधल्या काळात त्याने, माझं काम नेमकं कोणत्या निकषांवर तपासणार, असं पुन्हा पुन्हा विचारलं होतं आणि सरळ उत्तर मिळालं नव्हतं. कोर्टाने पाहिलं ते हे: निकष आधी सांगितले होते का, मालकाने प्रामाणिकपणे आणि पुरेशी काळजी घेऊन पारखलं का, स्वतःला सिद्ध करायची वाजवी संधी दिली का, आणि निर्णय त्या पारखीवर आधारलेला होता का. उत्तर नकारार्थी आलं आणि त्याला तीन महिन्यांचा पगार मिळाला. प्रोबेशनवर काढायला मालकाला फार मोठं कारण लागत नाही, हे कोर्टालाही मान्य होतं. पण त्याने पारख तरी करायला हवी.

लगेच हुरळून जाऊ नका. हा एका प्रांतातल्या खालच्या पायरीवरच्या कोर्टाचा निकाल आहे, ओंटारियोत तो बंधनकारक नाही. त्याच वर्षी ओंटारियोच्या कोर्ट ऑफ अपीलने दुसऱ्या एका खटल्यात, सहा महिन्यांच्या प्रोबेशनच्या शेवटी काढलेल्या माणसाला कायद्याने मिळणारा एका आठवड्याचा पगार पुरेसा मानला. शिवाय आपल्यापैकी कितीजण वकील लावून भांडणार आहेत? मी हा निकाल सांगतो तो दावे लावण्यासाठी नाही. त्या माणसाच्या हातात एक गोष्ट होती जी आपल्या नाशिकच्या मुलीच्या हातात नव्हती: त्याने विचारलं होतं, आणि विचारल्याचं दाखवता येत होतं. तिच्या अकरा आठवड्यांचा कागद कोराच होता.

यावर मला दोन प्रकारचे लोक भेटतात. पहिल्या प्रकारचे म्हणतात, "अहो, इकडची पद्धतच अशी. इकडे मायक्रोमॅनेजमेंट नसते. जाहिरातीत 'सेल्फ-स्टार्टर' लिहिलं होतं ना?" लिहिलं होतं. पण सेल्फ-स्टार्टर गाडीलाही कुठे जायचं ते चालवणाऱ्याला सांगावंच लागतं. आणि 'इकडची पद्धत' म्हणून जे सांगता ते खरं नाही. इथलं केंद्र सरकार बघा, जे चपळाईसाठी प्रसिद्ध नाही. १ एप्रिल २०१४ पासून तिथे प्रत्येक कर्मचाऱ्याची उद्दिष्टं वर्षाच्या सुरुवातीला लेखी ठरवायची, वर्षाच्या मध्यावर बोलायचं आणि शेवटी बोलायचं, असा नियम आहे. चांगल्या खासगी कंपन्यांत तीस, साठ, नव्वद दिवसांनी बसून बोलायची रीत जुनी आहे. तेव्हा मॅनेजर न भेटणं ही कॅनडाची संस्कृती नव्हे. तो ढिसाळपणा आहे, आणि आपण बाहेरून आलो म्हणून त्याला संस्कृती समजून नमस्कार करतो.

दुसऱ्या प्रकारचे लोक म्हणतात, "आपल्याकडे काय वेगळं होतं? मंत्रालयात कुठला साहेब जागेवर सापडायचा?" हा युक्तिवाद जास्त मजेशीर आहे, कारण त्यात अर्धं सत्य आहे. आपल्याकडचा साहेब जागेवर नसायचाच. खुर्चीच्या पाठीवर कोट, टेबलावर चष्म्याची केस, आणि साहेब 'मीटिंगमध्ये'. पण साहेबाचं नसणं सांभाळून घेणारी एक पूर्ण व्यवस्था तिथे उभी असायची. शिपायाला साहेब कुठे गेलाय ते ठाऊक असायचं आणि कधी येणार तेही. हेडक्लार्क फायलीवर टिपणी कशी लिहायची ते दाखवायचा. पीए सांगायचा, आज विचारू नका, आज पारा चढलेला आहे. कॅन्टीनमध्ये चहाच्या एका कपावर नव्या माणसाला तीन वर्षांचा इतिहास कळायचा, कुणाला कशाची चीड आहे, मागच्याची बदली का झाली, सगळं. साहेब नसला तरी साहेबाची मर्जी कळायला दहा वाटा होत्या.

इथे त्या वाटा नाहीत. शिपाई नाही, पीए फक्त फार वरच्या लोकांना, आणि कॅन्टीनमध्ये लोक आपापला डबा आपापल्या फोनसमोर खातात. निम्मे दिवस तर स्वयंपाकघरातल्या टेबलावरूनच काम. शेजारचा सहकारी गोड बोलतो, "हाऊ वॉज युवर वीकेंड" विचारतो, पण मॅनेजर तुमच्याबद्दल काय म्हणाला ते कधीही सांगणार नाही. तसं सांगणं इथे असभ्य समजतात. त्यामुळे इथे मॅनेजर हीच एकमेव खिडकी असते, आणि ती बंद असेल तर आत अंधार. भारतात पंधरा वर्षं गैरहजर साहेबांच्या हाताखाली काढलेला अनुभवी माणूसही इथे हबकतो तो यामुळे. त्याची हुशारी कमी झालेली नसते, त्याचे शिपाई आणि हेडक्लार्क कमी झालेले असतात.

इथे एक गोष्ट मॅनेजरच्या बाजूनेही बोलायला हवी. तो का नाही, हे तुम्हाला माहीत नसतं आणि विचारायचा अधिकारही नसतो. त्याची आई हॉस्पिटलात असेल. तो स्वतः उपचार घेत असेल. मॅनेजर बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली असेल, आणि इथे ती रजा दीड वर्षापर्यंत जाऊ शकते, ही या देशाने केलेली फार चांगली गोष्ट आहे. रजा घेणाऱ्यावर माझा राग अजिबात नाही. "काय सारखी सुट्टी घेतो" अशी कुजबुज करणाऱ्यांत तर चुकूनही सामील होऊ नका. माझं भांडण कंपनीशी आहे. माणूस रजेवर जाऊ शकतो, पण त्याचं काम रजेवर जात नाही. तो नसताना नव्या माणसाला कोण बघणार, हे लिहून ठेवायला कितीसा वेळ लागतो? आणि तेवढंही न करता त्याच नव्या माणसाला तीन महिन्यांच्या काट्यावर तोलायचं, हा अन्याय आहे. त्याला दुसरा शब्द नाही.

वर्क परमिटवर असलेल्यांसाठी तर हा काटा आणखी टोकदार आहे. कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लासमधून पीआरचा अर्ज करायचा तर अर्जाआधीच्या तीन वर्षांत कुशल कामाचा एक वर्षाचा इथला अनुभव लागतो, म्हणजे १५६० तास. तो सिद्ध करायला पत्र लागतं: कंपनीच्या लेटरहेडवर, हुद्दा, तारखा, आठवड्याचे तास, पगार, प्रत्यक्ष केलेली कामं, आणि खाली थेट वरिष्ठाची किंवा कर्मचारी विभागातल्या अधिकाऱ्याची सही. त्यातला 'प्रत्यक्ष केलेली कामं' हा भाग कोण लिहिणार? एचआरकडे तुमचा हुद्दा आणि पगार असतो. तुम्ही काय करत होता ते ज्याला माहीत असायला हवं, तो तुम्हाला चारदा भेटलेला आहे. ज्यांचं परमिट एकाच कंपनीशी बांधलेलं आहे त्यांना तर तक्रार करायची म्हणजे घराचाच विचार करावा लागतो. ही माणसं गप्प बसतात याचं मला आश्चर्य वाटत नाही. आपण, जे पासपोर्ट बदलून, घराचे हप्ते निम्मे फेडून बसलो आहोत, त्यांनी या गप्प बसण्याला शहाणपण म्हणावं याचं वाटतं.

ऑफिसाबाहेरचंही बोलू. आपली बरीच मुलं आता ब्रॅम्प्टन, मिसिसागाच्या गोदामांत आणि कारखान्यांत रात्रपाळी करतात, आणि आपल्या लेखांत ती क्वचितच येतात. तिथे गैरहजर सुपरवायझर म्हणजे मोडलेलं हाड. टोरंटोच्या इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थने वर्षानुवर्षं दाखवून दिलं आहे की कामावरच्या पहिल्या महिन्यात दुखापतीचा धोका वर्षाहून जुन्या कामगाराच्या सुमारे तिप्पट असतो. वय कितीही असो, नवखेपणाच धोक्याचा. ओंटारियोच्या सुरक्षा कायद्याप्रमाणे मालकाने नेमलेला सुपरवायझर सक्षम असायला हवा आणि त्याने कामगाराला धोक्याची माहिती द्यायलाच हवी. धोकादायक काम नाकारायचा हक्क कामगाराला आहे, पहिल्या दिवसापासून, प्रोबेशन असो नसो. ९ मे १९९२ ला नोव्हा स्कोशियातल्या वेस्ट्रे खाणीत २६ माणसं गेली. त्यानंतर बारा वर्षांनी, २००४ मध्ये, फौजदारी कायद्यात एक कलम आलं: दुसऱ्याचं काम जो चालवतो, त्याने त्या माणसाला इजा होऊ नये म्हणून वाजवी काळजी घेतलीच पाहिजे, ते त्याचं कायदेशीर कर्तव्य आहे. म्हणजे देखरेख ही या देशात कुणी वेळ मिळाला तर करायची मेहेरबानी नाही. पगार घेऊन करायचं काम आहे. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या मुलाला "डोक्यावर कुणी नाही, मजा आहे" असं तुम्ही म्हणाल का?

मग करायचं काय? "एचआरकडे जा" एवढं सांगून मोकळं होता येत नाही, कारण एचआर कंपनीचं असतं. आणि तिसऱ्या महिन्याच्या शेवटी रडत जाऊन उपयोग नसतो.

पहिल्या आठवड्यातच एक मेल लिहा. इंग्रजीतच लिहायचं, पण आशय असा: तीन महिन्यांनी माझं काम चांगलं झालं की नाही हे तुम्ही कशावरून ठरवाल? मला तीन गोष्टी सांगा. उत्तर आलं तर सोनं. आलं नाही तर दुसऱ्या आठवड्यात स्वतःच तीन गोष्टी लिहा आणि पाठवा: तुमच्याशी बोलणं झालं नाही म्हणून मी अमुक तीन कामांना आधी हात घालते आहे, यात बदल हवा असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा. यात उद्धटपणा कुठेही नाही. आपल्याला तो वाटतो, कारण साहेबाला तारीख देणं आपल्या हाडात बसत नाही. इथे ते रोजचं आहे.

दर शुक्रवारी पाच ओळी. या आठवड्यात काय झालं, काय अडलं, कुणाच्या उत्तरावाचून अडलं, पुढच्या आठवड्यात काय. पाचच ओळी, दोन पानं लिहिलीत तर कुणी वाचणार नाही. भेट रद्द झाली तर त्याच मेलमध्ये साध्या शब्दांत नोंद करा की मंगळवारची भेट झाली नाही, प्रश्न खाली देत आहे. तक्रारीचा सूर नको. तारीख पुरे. कंपनीच्या फायली मात्र घरच्या ईमेलवर पाठवू नका, त्यापायीच नोकरी जाईल. तारखा घरच्या वहीत लिहा, आजी दुधाचा हिशोब लिहायची तसा.

आणखी एक मागा, जे आपले लोक कधीच मागत नाहीत: तुम्ही नसताना मी कुणाला विचारू? एक नाव द्या. बहुतेक मॅनेजर हे नाव आनंदाने देतात, त्यांच्याही डोक्यावरचं ओझं उतरतं. नाव मिळालं की अर्धी लढाई झाली, कारण आता तुमचं काम पाहिलेला दुसरा माणूस तयार होतो, आणि उद्या रेफरन्स लागला किंवा पीआरच्या पत्रातली कामं कुणी तपासून द्यायची झाली, तर हाच माणूस उपयोगी पडेल. सहाव्या आठवड्यापर्यंत यातलं काहीच जमलं नाही, तर तेव्हा एचआरकडे जा. सहाव्या, बाराव्या नाही. "मॅनेजर भेटत नाही" असं म्हणू नका. "माझ्या प्रोबेशनचा मध्य आला आहे, मधला आढावा कोण घेणार आहे?" असं विचारा. पहिलं वाक्य चुगली ठरतं, दुसऱ्याला उत्तर द्यावंच लागतं.

एवढं करूनही काढतील का? काढतील. कायदा तसा आहे. पण हातात पाच ओळींचे दहा-बारा कागद असतील, ज्यांत तुम्ही काय केलंत ते तुमच्या शब्दांत आहे. कोऱ्या कागदापेक्षा ते बरं.

ही सगळी धडपड नव्या माणसानेच का करायची, असं तुम्ही विचाराल तर बरोबर विचारता. १ जुलै २०२५ पासून ओंटारियोत २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला नव्या माणसाला काही गोष्टी लेखी द्याव्या लागतात, शक्यतो पहिल्या दिवसाच्या आधीच: मालकाचं कायदेशीर नाव, संपर्काचं नाव नि पत्ता, कामाची जागा, सुरुवातीचा पगार, तो कधी मिळणार, कामाचे तास. १ जानेवारी २०२६ पासून तशाच मालकांना जाहिरातीत 'कॅनेडियन अनुभव हवा' असं लिहायला बंदी आली. चांगले बदल आहेत, स्थलांतरितांच्या कितीतरी वर्षांच्या बोंबाबोंबीनंतर आलेले. त्या लेखी यादीत आणखी एक ओळ का नसावी? तुमचं काम कोण बघणार, आणि तो नसेल तेव्हा कोण. कंपनीला एक पैचा खर्च नाही. आपल्या मंडळांनी आमदार-खासदारांना हळदीकुंकवाच्या, गणपतीच्या मंचावर बोलावून शाली देण्याऐवजी एखाद्या वर्षी ही एक ओळ हातात ठेवावी. शालही द्या हवी तर.

आता उरलेलं तुमच्याबद्दल. कारण हा लेख वाचणाऱ्यांत नव्याने लागलेले थोडे आणि मॅनेजर झालेले पुष्कळ असणार, हे मला माहीत आहे. तुमच्या हाताखाली दहा-बारा माणसं आहेत, दिवसाला सात मीटिंगा आहेत, वरचा ओरडतो, खालचे रुसतात, आणि त्यातल्या सगळ्यात नव्या माणसाची वन-ऑन-वन सगळ्यात आधी पुढे ढकलली जाते, कारण तो कुरकुर करत नाही. आपल्याच गावाकडची कुणी असेल तर अजिबातच करत नाही. ती तुम्हाला 'सर' म्हणायची थांबून जेमतेम दोन आठवडे झाले आहेत, नावाने हाक मारताना अजून अडखळते. तुम्ही मनात म्हणता, शांत आहे, समजूतदार आहे, जमवून घेतेय. संध्याकाळी पॉटलकला कुणी तुम्हाला विचारतं, नव्या मॅनेजरचा पत्ता नाही, काय करू? आणि तुम्ही म्हणता, "मजा आहे की तुझी!"

सोमवारी सकाळी कॅलेंडर उघडा. तिची या आठवड्याची अर्ध्या तासाची भेट हलवायची सूचना पाठवायच्या आधी, तिचे तीन महिने कोणत्या तारखेला भरतात ते बघा. तिला ती तारीख पाठ आहे.